फ्लॉरेन्सच्या कुंडीतली लिंबे

लिंबू, संत्रे आणि महाळुंग ही भूमध्य सागराकाठची झाडे म्हणून ओळखली जात असली, तरी त्यांचे मूळ आशियात, हिमालयाच्या पायथ्यापासून चीनच्या नैर्ऋत्येपर्यंतच्या पट्ट्यात आहे. त्यांतले महाळुंग सर्वांत आधी पश्चिमेला पोचले. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात आहे तेच हे फळ. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक अभ्यासक थिओफ्रॅस्टसने त्याच्या लागवडीची माहिती लिहिली. वाफ्यात बी पेरावे आणि दर चार-पाच दिवसांनी पाणी द्यावे, असे सांगून तो तळाला भोक असलेल्या कुंड्यांत पेरण्याचाही उल्लेख करतो. पाण्याच्या निचऱ्यासाठी लागणारे हे भोक कुंडीतल्या बागकामाचा पाया आहे आणि ते इतके जुने आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनेही, मुळांना हवा मिळावी म्हणून भोके ठेवलेल्या मातीच्या भांड्यांतून हे झाड परदेशी नेण्याचे प्रयत्न झाल्याचे नोंदवले. ते फसले, असेही तो सांगतो.

लिंबू त्यानंतर बऱ्याच शतकांनी अरबांच्या हातून सिसिलीत रुजले. फ्लॉरेन्समध्ये मात्र हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो आणि लिंबाच्या झाडाला ती थंडी सोसत नाही. तिथले हवामान बदलणे शक्य नव्हते, तेव्हा झाडच हलते केले गेले. 1538 पासून फ्लॉरेन्सचा सत्ताधीश कोझिमो द मेदिची याच्यासाठी शिल्पकार त्रिबोलोने शहराजवळच्या कास्तेल्लो इथली बाग आखली. पुढे मेदिची घराण्याचा लिंबूवर्गीय झाडांचा संग्रह तिथेच वाढला आणि कुंड्या हे त्या बागेचे वैशिष्ट्य ठरले.

या कुंड्यांसाठी शहराच्या दक्षिणेकडचे इंप्रुनेता गाव नावाजलेले होते. तिथल्या मातीची भांडी कडाक्याच्या थंडीतही सहसा तडकत नाहीत. झिलई नसल्याने त्यांच्या भिंतींतून ओल बाहेर पडते आणि मुळे कुजण्याचा धोका कमी होतो. शरद ऋतूत कुंड्या उंच खिडक्यांच्या ‘लिमोनाया’ या इमारतीत न्यायच्या, थंडीत पाणी अगदी बेताने द्यायचे आणि वसंत सरता सरता त्या पुन्हा बाहेर मांडायच्या, असा क्रम ठरून गेला. कुंडीतल्या मातीचा कस लवकर संपतो, म्हणून खतासाठी ल्युपिन या शेंगवर्गीय पिकाचे बी वापरले जाई. झाडांसह या कुंड्यांचे वजन प्रचंड असे आणि त्या हलवणे हे अनेक माणसांचे काम होते. बागेच्या वर्णनात मालकांची नावे येतात, पण झाडे जगली ती या मेहनतीवर.

इतकी झाडे जवळजवळ ठेवून सतत कलमे बांधली जात असल्याने नवनवे प्रकारही हाती आले. 1644 मध्ये फ्लॉरेन्समध्ये आढळलेली ‘बिझारिया’ त्यांतली सर्वांत विलक्षण. आंबट संत्रे आणि महाळुंग यांच्या पेशी एकत्र वाढल्याने तिच्या एकाच फळात दोन्हींच्या साली आणि रंग दिसतात. 1674 मध्ये पिएत्रो नाती यांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

इटलीतली ही रीत उत्तरेकडेही गेली. फ्रान्समध्ये व्हर्सायला 1684 ते 1686 दरम्यान वास्तुविशारद आर्दुएँ-मान्सारने संत्र्यांसाठी भव्य इमारत बांधली. तिथे मातीच्या कुंड्यांऐवजी चौकोनी लाकडी पेट्या वापरात आल्या. पेटीच्या बाजू उघडता येत, त्यामुळे झाड उपटून न काढता मुळे छाटता येत आणि माती बदलता येई. मोठ्या झाडाला वर्षानुवर्षे मर्यादित जागेत जगवायचे तर हे काम टाळता येत नाही. पेटीच्या रचनेतच त्याची सोय करणारी ही कल्पना खरोखर नामी आहे.

फ्लॉरेन्समध्ये बोबोली बागेतली मोठी लिमोनाया 1777-78 मध्ये झानोबी देल रोस्सोने बांधली. मेदिचींची सत्ता तोवर संपली होती, पण त्यांचा संग्रह टिकून राहिला. बिझारिया मात्र पुढे नाहीशी झाली, असेच मानले जात होते. 1980 मध्ये माळी पाओलो गालेओत्ती यांना तिची फांदी सापडली. त्यांनी तिची कलमे केली आणि कास्तेल्लोच्या संग्रहात बिझारिया पुन्हा दाखल झाली.