दोन छावण्यांचा देश : ऑस्ट्रिया १९१८ ते १९४५

जर्मनीतील लोकशाही हिटलरने कशी संपविली ही हकिकत आपले विद्यार्थी शाळेत शिकतात. शेजारच्या ऑस्ट्रियातील लोकशाही मात्र हिटलरचे सैन्य येण्यापूर्वी पाच वर्षे, तिथल्याच दोन पक्षांच्या वैरात संपली. ही कथा आपल्याकडे फारशी वाचली जात नाही.

पहिल्या महायुद्धात हॅब्सबर्ग साम्राज्य कोसळले आणि १२ नोव्हेंबर १९१८ रोजी व्हिएन्ना येथे प्रजासत्ताकाची घोषणा झाली. (याच साम्राज्याने १९१२ साली कायदा करून आपल्या हनफी मुसलमान प्रजेच्या धर्मास मान्यता दिली होती.) उरलेला देश सुमारे ६५ लाख वस्तीचा. राजधानी समाजवादी कामगारांची, खेडी कॅथलिक शेतकऱ्यांची. १९२० पर्यंत समाजवादी व ख्रिस्ती-सामाजिक या पक्षांनी मिळून राज्य केले. पुढे वाटा फुटल्या.

मग प्रत्येकाचे वर्तमानपत्र वेगळे, व्यायामशाळा वेगळी, गायनमंडळ वेगळे, मुलांची संघटना वेगळी. मेल्यावर दफन करावयाचे की दहन, हेही पक्षावरून ठरू लागले! या संस्थांनी कामे वाईट केली असे नव्हे. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने कामगारांसाठी ६० हजारांवर घरे बांधली, तिला आजही तोड नाही. परंतु एका छावणीतल्या माणसाला दुसऱ्या छावणीतला माणूस भेटावा अशी जागाच उरली नाही. स्वतःच्या समाजासाठी शाळा व वसतिगृहे चालविणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा भाग थोडे थांबून वाचावा.

छावण्यांना पुढे खाजगी सैन्येही आली. उजव्यांचे हाइमवेअर, समाजवाद्यांचे शुट्‌सबुंड. जानेवारी १९२७ मध्ये शाटेनडॉर्फ या खेड्यात उजव्या संघटनेच्या लोकांनी केलेल्या गोळीबारात एक माजी सैनिक व एक आठ वर्षांचा मुलगा ठार झाला. जुलैमध्ये ज्यूरीने आरोपींना सोडले. दुसऱ्या दिवशी, १५ जुलैला, चिडलेल्या जमावाने न्यायमंदिराची इमारत पेटविली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ८९ माणसे मेली. त्यानंतर एका बाजूला फक्त आग आठवे आणि दुसऱ्या बाजूला फक्त गोळ्या.

१९३१ साली बँका बुडू लागल्या तेव्हा ख्रिस्ती-सामाजिक पक्षाचे नेते झाइपल यांनी समाजवादी ओटो बावर यांना संयुक्त सरकारचे आमंत्रण दिले. बावर यांनी ते नाकारले. त्यांना आलेला संशय निराधार होता असे म्हणवत नाही, पण अशी संधी पुन्हा आली नाही.

४ मार्च १९३३ रोजी रेल्वे कामगारांच्या संपावर मतदान झाले. ८१ विरुद्ध ८० मते पडली आणि मतपत्रिकांवरून वाद पेटला. अध्यक्षाला मत देता येत नसे, म्हणून समाजवादी अध्यक्ष कार्ल रेन्नर यांनी राजीनामा दिला. त्यांच्या पाठोपाठ इतर पक्षांच्या दोघा उपाध्यक्षांनीही दिला. सभा तहकूब करावयासही कोणी उरले नाही! चॅन्सेलर डॉलफुस यांनी संसद आपणहून संपली असे जाहीर केले. १५ मार्चला सभासद पुन्हा जमू लागले तेव्हा दारात पोलीस उभे होते.

फेब्रुवारी १९३४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल मार्क्स होफ या कामगारांच्या वसाहतीवर सरकारी तोफा डागल्या गेल्या. समाजवादी पक्षावर बंदी आली. त्याच वर्षी २५ जुलैला नाझींनी डॉलफुस यांचाही खून केला. मार्च १९३८ मध्ये जर्मनीची धमकी दारात आली तेव्हा चॅन्सेलर शुश्निग यांनी कामगार प्रतिनिधींना बोलावले. ज्यांना चार वर्षे बेकायदा ठरविले, त्यांच्याकडेच मदत मागण्याची ही वेळ! १२ मार्चला जर्मन सैन्य आले.

१ एप्रिल रोजी सुमारे १५० कैद्यांची पहिली तुकडी व्हिएन्नाहून डाखाऊच्या छळछावणीकडे निघाली. कॅथलिक शेतकऱ्यांचे नेते लिओपोल्ड फिग्ल आणि समाजवादी रॉबर्ट डानेबर्ग दोघेही तीत होते. डानेबर्ग परत आले नाहीत.

फिग्ल परतले व १९४५ साली चॅन्सेलर झाले. निवडणुकीत बहुमत मिळूनही त्यांनी समाजवाद्यांना सरकारात घेतले. ही युती १९६६ पर्यंत टिकली. तीत दोष होतेच. सरकारी नोकऱ्याही पक्षांच्या हिश्श्याने वाटल्या जात, आणि कोणत्याच पक्षाचा नसलेला होतकरू तरुण बाहेर राही. १९६६ साली एका पक्षाचे सरकार आले आणि हरलेले समाजवादी विरोधी बाकांवर जाऊन बसले.