गिरणीतल्या शब्दाचं मंडळ

1896 साली इंग्लंडमधल्या एका संस्थेने स्वतःला बरखास्त केलं. भांडणतंटा काही झाला नव्हता. इंग्लिश डायलेक्ट सोसायटीचं म्हणणं एवढंच होतं, की ज्या कामासाठी आपण जमलो ते मार्गी लागलं, बोलींचा मोठा कोश आता होणार, तेव्हा आपलं प्रयोजन संपलं. आपल्याकडे संस्था लेटरहेडवर वर्षानुवर्षं जिवंत राहतात, त्यामुळे मला या प्रकाराचं अप्रूप वाटतं. खरी गंमत मात्र पुढे आहे. याच कोशासाठी शब्द वेचायला यॉर्कशायरमध्ये जी माणसं जमली होती, ती काही उठून घरी गेली नाहीत. 1897च्या मार्चमध्ये त्यांनी यॉर्कशायर डायलेक्ट सोसायटी काढली. आज ती जगातली सर्वांत जुनी चालू बोली-संस्था मानली जाते.

ही मंडळी कशासाठी चिकटून राहिली, ते त्यांच्या एका शब्दावरून कळतं. 'लेइक' म्हणजे खेळणं. गल्लीत गोट्या खेळणारी पोरं लेइक करतात, त्यांची खेळणी म्हणजे 'लेइकिन्स'. पण गिरणीत शब्दाला दुसरं अंग फुटलं. माल नाही, वाफेचं इंजिन बंद, मालकाने पाळी कमी केली, की कामगार म्हणणार, 'या आठवड्यात आम्ही लेइकिंग.' पोराचं लेइकिंग म्हणजे चंगळ आणि बापाचं लेइकिंग म्हणजे घरात पगार नाही. लंडनच्या माणसाला दोन्ही कळत नसत.

शब्द आला तो डेन लोकांबरोबर. त्यांनी 866 साली यॉर्क घेतलं आणि दहा वर्षांनी आसपासची जमीन आपसात वाटून ते शेती करू लागले. जुन्या नॉर्स भाषेतलं 'लेइका' त्यांच्या तोंडचं. डॅनिशमध्ये त्याचं पुढे 'लाय' झालं. 'छान खेळ' या अर्थाच्या 'लाय गोट' या डॅनिश जोडीतून 1934 साली लेगो हे नाव निघालं, म्हणजे आपल्या घरातले ते प्लास्टिकचे ठोकळे ब्रॅडफर्डच्या बेकार विणकऱ्याचे शब्दबंधू लागतात. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्येही हे कुळ सापडतं. लूकच्या शुभवर्तमानात एलिझाबेथच्या पोटात बाळ उडी मारतं, तिथे क्रियापद 'लाइकन' आणि बाळाला शब्द 'बार्न'. यॉर्कशायरमध्ये आजही मूल म्हणजे 'बेर्न'. त्या क्रियापदाचा भूतकाळ आद्याक्षराचं द्वित्व करून होतो, 'लेलाइक'. संस्कृतातलं चकार, ददर्श आठवावं तसं. काही भाषाशास्त्रज्ञ तर हे मूळ संस्कृतातल्या 'रेजते'शी, म्हणजे थरथरण्याशी, जोडतात.

असले धागे जुळवून दाखवणारा माणूस गिरणीतूनच यावा, हा योगायोग मोठा आहे. इंग्लिश डायलेक्ट सोसायटी 1873 साली केंब्रिजमध्ये वॉल्टर स्कीट यांनी उभी केली. 1876 साली कारभार मँचेस्टरला गेला, तिथे जे. एच. नोडाल या पत्रकाराने तो सांभाळला. जिल्ह्याजिल्ह्यांच्या शब्दसूच्या छापून निघत होत्या, चिठ्ठ्यांचा ढीग वाढत होता, पण सगळं एकहाती घेऊन कोश करणारा कोणी मिळेना. अखेर स्कीट यांची नजर जोसेफ राइटवर गेली.

राइटचा जन्म 1855 सालचा, ब्रॅडफर्डजवळच्या थॅक्लीतला. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढव हाकायचं, पाथरवटांची बोथट झालेली हत्यारं लोहाराकडे न्यायची. सातव्या वर्षी तो सर टायटस सॉल्ट यांच्या सॉल्टेअरच्या गिरणीत डॉफर झाला. भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, तेही यंत्र जेमतेम थांबतं तेवढ्यात. मुंबईच्या गिरण्यांतही हे काम डॉफर याच नावाने चाले. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, जेवणाच्या सुट्टीत कोणी तरी पेपर मोठ्याने वाचायचं, आणि आपल्याला तो वाचता येत नाही याची त्याला चीड आली. रात्रशाळा गाठली. अठराव्या वर्षी आईच्या घरात स्वतःच रात्रीचा वर्ग चालवू लागला, फी आठवड्याला दोन पेन्स. 1876 साली साठवलेले चाळीस पौंड घेऊन तो निघाला आणि अँटवर्पपासून हायडेलबर्गपर्यंत पायी गेला. 1885 साली तिथली डॉक्टरेट मिळवली. पुढे ऑक्सफर्डला, आपल्याकडे ज्यांना 'मोक्षमूलर भट्ट' म्हणत त्या मॅक्स म्युलर यांच्या जागेवर, 1901 साली तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक.

आपल्या घरच्या बोलीचं, विंडहिलच्या बोलीचं, व्याकरण त्याने 1892 साली लिहिलं. गिरणी-खाणीतल्या बोलण्यालाही गॉथिकइतकेच काटेकोर ध्वनिनियम आहेत, हे त्यात रुबाबात मांडलेलं आहे. गावंढळ बोलणं म्हणजे बिघडलेलं इंग्रजी, हा समज त्या काळच्या शाळामास्तरांत पक्का होता. त्यावर घाव घालणाऱ्या पुस्तकांत मी हे फार वरचं मानतो.

कोशाचं काम ऑक्सफर्डमध्ये एका खोलीत चाले. तिला नाव 'वर्कशॉप'. हाती आलेल्या चिठ्ठ्यांचं वजन टनांत सांगितलं जाई. छपाईची जोखीम राइटने स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि वर्गणीदार गोळा केले. माहितीत भोकं कुठे आहेत हे चिठ्ठ्या लावताना दिसे. म्हणून 1894 साली त्याच्या सूचनेवरून यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग भागात मदतनिसांची एक समिती जमली. शब्द ऐकायचा, कोणत्या गावी ऐकला ते टिपायचं, अर्थ आणि वापरातलं वाक्य लिहून पाठवायचं. छापील कोशात या लोकांची पोच मोजकी, पण मला आवडणारी आहे: जिल्ह्याच्या संक्षेपानंतर कंसात माहिती देणाऱ्याची आद्याक्षरं. 1902 साली आलेल्या तिसऱ्या खंडात एल अक्षराची पानं आहेत. लेइक तिथे आपल्या खेळासकट आणि बेकारीसकट बसला. 1905 साली सहावा खंड निघून कोश पुरा झाला. त्याच वर्षी आपल्याकडे ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड बाहेर पडला. एकीकडे सरकारी खातं काम करत होतं, दुसरीकडे गावोगावचे हौशी लोक.

हे हौशी लोक ब्रॅडफर्ड-लीड्सकडे 1897 नंतरही भेटत राहिले. 'ट्रान्झॅक्शन्स' नावाचं वार्षिक सुरू झालं. त्यात एकीकडे ध्वनिशास्त्राचे कोरडे लेख आणि शेजारी बोलीतल्या कविता, असा संसार पहिल्यापासूनच. लीड्स विद्यापीठातले एफ. डब्ल्यू. मुरमन यांनी या दोन्ही पंथांना एकत्र नांदवलं. 1919 साली ते नदीत बुडून गेले. पुढच्याच वर्षी लीड्सला एक तरुण शिक्षक आला, राइटचाच विद्यार्थी, नाव जे. आर. आर. टॉल्किन. तोही सोसायटीचा सभासद झाला, आणि वॉल्टर हेग यांच्या हडर्सफील्ड बोलीच्या शब्दसंग्रहाला 1928 साली त्याची प्रस्तावना आहे. हॉबिटांचं जग रचणाऱ्याने गिरणगावच्या शब्दांवर लिहिलेली पानं त्याच्या चाहत्यांपैकी थोड्यांनीच वाचली असतील.

दुसऱ्या महायुद्धानंतर काम विद्यापीठाच्या अंगणात गेलं. राइटकडे शिकलेले हॅरल्ड ऑर्टन लीड्सला प्राध्यापक झाले आणि झुरिकच्या ऑयगेन डीट यांच्यासह त्यांनी तेराशेहून अधिक प्रश्नांची यादी केली. 1950 ते 1961 या काळात 313 ठिकाणी ती विचारली गेली. यादीची खुबी अशी, की हवा तो शब्द विचारणाऱ्याने उच्चारायचाच नाही. वस्तू दाखवायची, खूण करायची, वाक्य अर्धं सोडायचं. मुलं काय करतात असं विचारलं की उत्तरेतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून लेइक बाहेर पडे. स्टॅन्ली एलिस हा तरुण तर कॅरॅव्हॅन घेऊन गावोगाव राहिला.

या पाहणीवर माझा एक आक्षेप आहे, आणि तो माझ्या एकट्याचा नाही. उत्तरं घेतली ती मुख्यतः खेड्यांतून, शेतीतल्या, साठीपुढच्या पुरुषांकडून. गिरणीची शहरं जवळजवळ बाहेरच राहिली. बायकाही कमी, आणि गिरण्यांत तर बायकाच जास्त. लेइकिंगचा पगार बुडण्याशी असलेला संबंध त्यामुळे पाहणीच्या नकाशात उमटला नाही. तो जपला राइटच्या मदतनिसांनी आणि सोसायटीच्या वार्षिकांनी.

एलिस यांचं नाव 1979 साली भलत्याच कारणाने गाजलं. यॉर्कशायरमध्ये बायकांचे खून पडत होते आणि 'मीच तो' म्हणणारी एक टेप पोलिसांकडे आली. एलिस यांनी ऐकून सांगितलं, माणूस सुंदरलँडच्या कॅसलटाउन भागातला. पुढे, हा तोतया असू शकतो, असंही त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॅक विंडसर लुइस यांनी पोलिसांच्या कानावर घातलं. पोलिसांनी पहिलं धरलं, दुसरं सोडलं. खरा खुनी 1981 साली पकडला गेला तो ब्रॅडफर्डचा निघाला. टेपवाला 2005 साली डीएनएवरून सापडला, तो त्याच परिसरातला.

लीड्स विद्यापीठाने 1960च्या सुमारास काढलेली बोली आणि लोकजीवनाची संस्था 1980च्या दशकात बंद पडली. ऑर्टन यांचा भाषिक नकाशासंग्रह 1978 साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, निघाला होता. पाहणीच्या टेपा आणि वह्या विद्यापीठाच्या संग्रहात राहिल्या आणि आता त्यांचं डिजिटल रूप लोकांपुढे येतं आहे. राइटचा कोशही ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या विद्यापीठाने इंटरनेटवर शोधता येईल असा केला. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी सोसायटी मात्र वार्षिक काढतेच, उन्हाळी अंकही काढते. अंकांत स्मरणरंजन जरा जास्त, नवे आवाज कमी, ही तक्रार रास्त आहे. ब्रॅडफर्डच्या शाळांत आज मीरपुरी पंजाबी घरातून येणारी मुलं यॉर्कशायरच्याच हेलात इंग्रजी बोलतात, आणि पुढची चिठ्ठी खरं तर त्यांच्याकडून यायला हवी.