भाताच्या झोपेची कुळकथा

परतीचा पाऊस कोकणात रेंगाळला की आडव्या पडलेल्या भाताला लोंबीतच कोंब फुटतात. तुसाच्या बुडाशी पांढरा ठिपका दिसतो, आणि दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. असं भात भरडलं की कणीच जास्त पडते. बियाण्याचंही ते राहत नाही. शिव्या पावसाला बसतात. खरं तर यात शेतीचाही जुना हात आहे.

ऋषिपंचमीला मान असलेलं देवभात, म्हणजे रानभात, असं फसत नाही. पिकताच त्याचा दाणा गळतो आणि ओल मिळाली तरी लगेच उठत नाही. सगळे दाणे एकदम उगवले आणि मागून पावसाने ओढ दिली, तर वंशच बुडायचा. शेतकऱ्याला मात्र ही सावध झोप नडते. रायगडकडे रहू टाकतात, म्हणजे बियाणं भिजवून, मोड आणून चिखलात फेकतात. तिथे झोपाळू दाण्याचं काय काम? जो चटकन उगवला त्याचंच बी पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेलं.

दाण्यात ओढाताण दोन संप्रेरकांची. अ‍ॅब्सिसिक आम्ल त्याला निजवतं, जिबरेलिन उठवतं. यातल्या जिबरेलिनचा माग लागला तोही भातातच. तैवानमध्ये काम करणाऱ्या कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवलं, की रोपं किडकिडीत उंच वाढवणारा रोग बुरशीच्या स्रावाने होतो. तो स्राव म्हणजेच जिबरेलिन.

निजेचा हुकूम पाळणारी जनुकं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हाती आली. मक्यात व्हीपी१ बिघडलं की दाणे कणसावरच उगवतात. भातातलं एसडीआर४ जपानी संशोधकांनी २०१० मध्ये वेगळं केलं. ते या व्हीपी१च्याच भातातल्या भावंडाच्या ताब्यात चालतं. एसडीआर४ हाती लागावं म्हणून गाढ झोपणारं कासालथ आणि जवळजवळ न झोपणारं निप्पोनबारे या दोन वाणांचा संकर तपासला गेला. लागवडीच्या भाताच्या दोन मोठ्या गटांपैकी जॅपोनिकात एसडीआर४चं दुबळं रूपच सापडलं, इंडिकात दुबळं आणि सबळ दोन्ही. पुढच्याच वर्षी आणखी एक धागा सुटला: तणभाताच्या दाण्याला लाल रंग देणारं जनुक त्याची झोपही वाढवतं. म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या हौसेपायीही थोडी झोप गेली असणार.

आता वाण पैदासकाराला हवी आहे ती बेताची झोप: कापणी, झोडणी उरकेपर्यंत टिकणारी आणि पेरणीच्या आत उतरणारी. ती फार लांबली तर बीजपरीक्षण प्रयोगशाळेत ताजं भात आधी ५० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत काही दिवस ठेवतात, मगच उगवण मोजतात.