वाहनवापराधारित विमा
मोटार किती चालली व कशी चालवली, यावरून विम्याचा हप्ता ठरवण्याची पद्धत. अमेरिकेत प्रोग्रेसिव्ह कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमध्ये तिचा प्रयोग केला. भारतात विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ‘वापराल तसे भरा’ आणि ‘चालवाल तसे भरा’ हे पूरक पर्याय खुले केले. दुसऱ्या प्रकारात गाडीतले यंत्र किंवा मोबाइल ॲप वेग, करकचून दाबलेले ब्रेक, प्रवासाची वेळ टिपते. सवलत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यापुरतीच असते. सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याचे दर केंद्र सरकार ठरवते.

बडोद्यात अलकापुरी ते मांडवी एवढीच ये-जा असणाऱ्याला किलोमीटरचा हिशेब परवडतो, द्रुतगती मार्गाने रोज अहमदाबाद गाठणाऱ्याला नाही. जुन्या पेठांत गाय किंवा रिक्षा आडवी आली म्हणून दाबलेला ब्रेकही यंत्र नोंदवते. कारण विचारत नाही! शिवाय माणूस कुठे, केव्हा जातो हेही कंपनीला कळू शकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीची आणि ती मागे घेण्याची तरतूद आहे. कमी चालणाऱ्या गाडीला केवळ किलोमीटर मोजणारा पर्याय पुरेसा ठरतो.