परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय? पैसे कोण कोणाला देतंय ते आधी बघा

बारावी किंवा नर्सिंगचा कोर्स झाला की पुढं काय, हा प्रश्न घरोघरी असतो. अशात मोबाईलवर जाहिरात येते. परदेशात स्वयंसेवक व्हा, लहान मुलांना सांभाळा, शाळेत शिकवा, दवाखान्यात मदत करा, राहणं-खाणं फुकट. खाली नंबर असतो. फोन केला की दोन-तीन लाखांचा आकडा कानावर पडतो.

ही संधी खरी असते का? काही ठिकाणी अगदी खरी असते, काही ठिकाणी निव्वळ धंदा असतो. फरक ओळखायला फार शिकलेलं असायची गरज नाही. पैसे कोणाकडून कोणाकडं जातात आणि तुमची चौकशी कोण करतं, या दोन गोष्टी पाहिल्या तरी निम्मं काम होतं.

खऱ्या संस्था कशा चालतात

परदेशात जाऊन सेवा करायची पद्धत नवी नाही. ब्रिटनमधली व्हीएसओ ही संस्था 1958 पासून आहे. अमेरिकेनं 1961 मध्ये पीस कोअर सुरू केलं. त्यांचे तरुण 1976 पर्यंत भारतातही येत होते. मात्र पीस कोअरमध्ये फक्त अमेरिकेच्या नागरिकांनाच जाता येतं, हे लक्षात ठेवा.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1971 पासून चालू आहे. त्याचं मुख्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात आहे. भारतीयांना त्यात अर्ज करता येतो. युवा गटासाठी वय 18 ते 26 लागतं. त्यापुढच्या गटांना शिक्षण आणि अनुभव लागतो. निवड झालेल्याला निर्वाह भत्ता मिळतो, विमा मिळतो. अर्जाला एक रुपयाही फी नाही.

'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' ही 1971 मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेली संस्था युद्ध, साथ, दुष्काळ अशा ठिकाणी काम करते. तिला 1999 चं शांततेचं नोबेल मिळालं. तिथं डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन घेतात, पण पदवी किंवा डिप्लोमा, नोंदणी आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय नाही. तीही कोणाकडून पैसे घेत नाही, उलट मानधन देते.

म्हणजे खऱ्या ठिकाणी चाळणी कडक असते आणि पैसा थोडाफार तुमच्याकडं येतो. खोट्या ठिकाणी चाळणीच नसते आणि पैसा तुमच्याकडून जातो.

जर्मनीचं स्वयंसेवा वर्ष

नुकतीच बारावी झालेल्या, हाताशी अनुभव नसलेल्या मुलामुलींसाठी सध्या चर्चेत असलेला मार्ग म्हणजे जर्मनीचं स्वयंसेवा वर्ष. ते सरकारी कायद्यानं चालतं, म्हणून नीट समजून घेण्यासारखं आहे.

त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे सामाजिक सेवा वर्ष. याचा कायदा 1964 मध्ये झाला. शाळा संपल्यापासून वयाची 27 वर्षं पूर्ण होईपर्यंत ते करता येतं. दुसरा प्रकार म्हणजे केंद्र सरकारची स्वयंसेवा. जर्मनीत पूर्वी तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. ज्यांना बंदूक नको ते दवाखाने, वृद्धाश्रमात काम करायचे. 2011 मध्ये ही सक्ती थांबली आणि त्या जागी 1 जुलै 2011 पासून ही स्वयंसेवा आली. याला वरची वयोमर्यादा नाही.

दोन्हींची मुदत साधारण 12 महिने असते, कमीत कमी 6 आणि जास्तीत जास्त 18. वर्षभरात 25 दिवस शिबिरं होतात. खिशाखर्च मिळतो. आरोग्य विमा आणि इतर सामाजिक विम्याचे हप्ते संस्था भरते. बऱ्याच ठिकाणी राहणं, जेवण किंवा त्याबदली भत्ता मिळतो, पण सगळीकडं नाही. त्यामुळं करारात काय लिहिलंय ते वाचावं लागतं.

काम काय करावं लागतं

वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना जेवू घालणं, फिरायला नेणं, बिछाना आवरणं, त्यांच्याशी बोलत बसणं. दवाखान्यात पेशंटला एका विभागातून दुसऱ्या विभागात नेणं, जेवणाचे ताट पोचवणं. बालवाडीत शिक्षिकेच्या हाताखाली मदत करणं. अपंगांच्या संस्थेत किंवा शाळेत मुलांसोबत राहणं.

स्वयंसेवक मदतीला असतो, पगारी माणसाच्या जागी नसतो, असं कायदाच सांगतो. इंजेक्शन देणं हे त्याचं काम नाही, अख्खा वर्ग एकट्यानं सांभाळणंही नाही. जाण्याआधी तुम्हाला कोणी 'तिथं नर्सचंच काम आहे' असं सांगत असेल, तर तो खोटं बोलतोय.

अटी काय आहेत

पहिली अट भाषा. म्हाताऱ्या आजीला पाणी हवंय की औषध, हे कळलं नाही तर मदत कसली? म्हणून ए-2 किंवा बी-1 पातळीची जर्मन बहुतेक ठिकाणी मागतात. सुरुवातीपासून तिथं पोचायला मन लावून आठ-दहा महिने तरी लागतात. पुण्यात आणि मुंबईत मॅक्समुल्लर भवन आहे, तिथं वर्ग आणि परीक्षा दोन्ही होतात.

दुसरी अट लेखी करार. त्यावर तुमची, काम देणाऱ्या ठिकाणाची आणि जबाबदार संस्थेची किंवा सरकारची सही असते. काम, तास, खिशाखर्च, सुट्टी सगळं त्यात असतं. व्हिसा त्यावरच मिळतो. तो वर्षभराचा राष्ट्रीय व्हिसा असतो, टुरिस्ट व्हिसा नाही. महाराष्ट्रातल्या लोकांची प्रकरणं मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडं जातात.

तिसरी अट चारित्र्य आणि आरोग्य. मुलांमध्ये काम करायचं तर पोलीस पडताळणी मागतात. मार्च 2020 पासून जर्मनीत बालवाडी, शाळा, दवाखाना अशा ठिकाणी काम करणाऱ्याला गोवराच्या लसीचा किंवा प्रतिकारशक्तीचा दाखला द्यावा लागतो. त्यामुळं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड घरात असेल तर शोधून ठेवा.

खर्च किती आणि कुठं

पासपोर्टची साधी फी 1,500 रुपये. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणाऱ्या पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्राची 500 रुपये. आता बऱ्याच जिल्ह्यांत पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. जर्मन राष्ट्रीय व्हिसाची फी 75 युरो. बाकी भाषेचा वर्ग, परीक्षा, विमानाचं तिकीट. यातल्या प्रत्येक पैशाची पावती मिळते आणि तो थेट त्या-त्या ठिकाणी भरता येतो.

बियाणं घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर बघतो, पक्की पावती मागतो. मग पोरीला सातासमुद्रापार पाठवताना 'तीन लाखांचं पॅकेज' हे दोन शब्द कसे चालतील? कशाचे किती, ते कागदावर मागा. एजंट देत नसेल तर तिथंच उठा.

आणखी एक हिशोब घरात बसून करावा. खिशाखर्च म्हणजे पगार नव्हे. महिन्याला हाती येतात ते काहीशे युरो, आणि त्यातच तिथला किरकोळ खर्च भागवायचा असतो. जमिनीवर कर्ज काढून किंवा सावकाराचे पैसे घेऊन गेलात, तर ते त्या पैशातून फिटणार नाही. कमाईसाठी जायचं असेल तर हा मार्गच नाही. जर्मनीत नर्सिंगचं तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण वेगळं असतं, त्यात पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी महिन्याला हजार युरोंच्या वर मिळतात, पण भाषाही जास्त चांगली लागते. स्वयंसेवा वर्ष करून पुढं काहीजण त्या प्रशिक्षणाला जातात. मात्र त्याची हमी कोणी देत नाही.

महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी केलेला करार कुशल कामगारांसाठी आहे, स्वयंसेवेसाठी नाही. त्याचं नाव सांगून कोणी स्वयंसेवेचे पैसे मागत असेल तर सावध व्हा.

अनाथ मुलांच्या नावाखाली

आता दुसरी बाजू. 'दोन आठवडे अनाथाश्रमात मुलं सांभाळा' असे कार्यक्रम नेपाळ, कंबोडियात वर्षानुवर्षं विकले गेले. पैसे भरा, या, फोटो काढा, जा. ना शिक्षण विचारलं, ना पोलिसांचा दाखला.

कंबोडियात 2005 ते 2010 या काळात बालगृहं 154 वरून 269 झाली. देशात अनाथ मुलं एवढी वाढली नव्हती. तिथल्या सरकारनं युनिसेफच्या मदतीनं पाहणी केली तेव्हा दिसलं की चारातल्या तीनाहून जास्त मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. नेपाळात बहुतेक बालगृहं काठमांडू खोरं, पोखराचा कास्की जिल्हा आणि चितवन अशा पर्यटकांच्या मोजक्या जिल्ह्यांत आढळली. डोंगरातल्या गरीब आईबापांना 'शिकवतो' असं सांगून मुलं खाली आणायची आणि पाहुण्यांपुढं अनाथ म्हणून उभी करायची, असे प्रकार उघड झाले.

म्हणजे बाहेरून येणाऱ्या पैशामुळं मुलं घरापासून तुटली. शिवाय जीव लावणारं माणूस दर पंधरा दिवसांनी बदललं की लेकराच्या मनावर काय होतं, हे कोणाही आईला सांगायला नको. ऑस्ट्रेलियानं 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठीची मुलांची तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार मानला. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही अशा स्वयंसेवेबद्दल ठरावात चिंता नोंदवली.

म्हणून नियम सोपा ठेवा. जी संस्था तुमची पोलीस पडताळणी न करता तुम्हाला मुलांजवळ जाऊ देते, तिच्याकडं जाऊ नका. आपल्या गावच्या अंगणवाडीत आपण कोणाही परक्याला असं शिरू देऊ का?

फसवणुकीच्या खुणा

- टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिथं बघू, असं सांगतात. युरोपचा टुरिस्ट व्हिसा जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो, त्यावर वर्षभराची सेवा होत नाही.
- भाषा नको, तिथं गेल्यावर येते, म्हणतात.
- मूळ मार्कशीट किंवा पासपोर्ट स्वतःकडं ठेवून घेतात.
- पैसे रोख किंवा खासगी खात्यावर मागतात, पावती देत नाहीत.
- व्हिसाची शंभर टक्के हमी देतात. व्हिसा देणं दूतावासाच्या हातात असतं.
- काम देणाऱ्या संस्थेचं नाव-पत्ता शेवटपर्यंत सांगत नाहीत.

परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. त्याची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच. नोंदणी आहे का ते केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येतं. 'ही नोकरी नाही, स्वयंसेवा आहे' असं म्हणून कोणी या नियमातून अंग काढून घेत असेल, तर त्याला उलटं विचारा, मग लाखो रुपये कशाचे?

सुरुवात कुठून करायची

पैसे न घालवता अनुभव हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांची ऑनलाईन स्वयंसेवा आहे. भाषांतर, लेखन, डिझाईन अशी कामं घरी बसून करता येतात. पासपोर्टही लागत नाही.

प्रत्यक्ष जायचं ठरलं असेल तर आधी पासपोर्ट काढा आणि भाषेचा वर्ग लावा. संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः ईमेल करून विचारा की ही जागा खरी आहे का. करार हाती आल्यावर तो जाणकाराकडून वाचून घ्या, एक प्रत घरी ठेवा. जर्मनीत बर्लिनला आपला दूतावास आहे, फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास आहेत. त्यांचे नंबर जाणाऱ्याच्या आणि आईवडिलांच्या, दोघांच्याही मोबाईलमध्ये असू द्या. आणि पासपोर्ट तिथं गेल्यावरही कोणाच्या ताब्यात देऊ नका. तो शेवटपर्यंत स्वतःजवळच ठेवायचा.