बंगळूरचे विमानदुरुस्ती आगार

परदेशात लढणाऱ्या हवाई दलाला धावपट्टी लवकर मिळते, दुरुस्तीचा कारखाना लवकर मिळत नाही. धावपट्टी हजारो मजूर लावून काही आठवड्यांत तयार करता येते. विमानाचे इंजिन पूर्ण खोलून पुन्हा जोडणारे आगार मात्र यंत्रे, वीज, सुटे भाग आणि शिकलेले हात एका जागी आल्याशिवाय उभे राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाने दुरुस्तीच्या चार पायऱ्या ठरवलेल्या होत्या. पहिली विमानाच्या चमूने करायची, दुसरी तळावरच्या तुकडीने, तिसरी फिरत्या सेवापथकाने. चौथी पायरी म्हणजे आगार. पंख बदलणे, सांगाडा सरळ करणे, इंजिनाचा संपूर्ण ओव्हरहॉल ही कामे तिथेच होत. हे आगार अमेरिकेतच ठेवले असते, तर भारतातले बिघडलेले इंजिन जहाजाने निम्म्या जगाला वळसा घालून न्यावे लागले असते आणि परत यायला कित्येक महिने गेले असते. म्हणून चौथी पायरी समुद्रापार नेणे भाग होते.

अमेरिका प्रत्यक्ष युद्धात उतरण्याआधीच या योजना सुरू झाल्या होत्या. इरिट्रियातल्या गुरा येथे डग्लस कंपनीने ब्रिटिशांच्या ताब्यातील अमेरिकी विमानांसाठी दुरुस्तीतळ उभारला. त्याचे गुप्त नाव ‘प्रोजेक्ट १९’ असे होते. उत्तर आयर्लंडमध्ये लँगफर्ड लॉज येथे लॉकहीड कंपनीने १९४२ पासून असेच आगार चालवले. या दोन्ही ठिकाणी यंत्रे, कारागीर आणि व्यवस्थापन अमेरिकेतून आणावे लागले. भारतात गोष्ट वेगळी घडली. इथे एक कारखाना आधीच उभा होता आणि तो एका सोलापूरकराने विमाने बांधण्यासाठी काढलेला होता.

अमेरिकेचे दहावे हवाई दल १९४२ च्या फेब्रुवारीत स्थापन झाले आणि लवकरच त्याचे मुख्यालय दिल्लीत आले. त्याच वर्षी आग्र्याला पहिले मोठे आगार उभारले गेले. समुद्रकिनाऱ्यापासून लांब, दिल्लीजवळ आणि रेल्वेच्या मुख्य मार्गावर असल्याने आग्र्याची जागा सोयीची होती. मुंबई बंदरातून उत्तरेकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग झाशी आणि ग्वाल्हेरवरून आग्र्याला पोचतो. झाशी हे त्या मार्गावरचे मोठे जंक्शन, आणि रेल्वेचा तिथला कारखाना १८९५ पासून चालू होता.    आग्र्याची अडचण होती उन्हाळा आणि धूळ. तापलेल्या पत्र्याला दुपारी हात लावता येत नसे आणि उघड्या इंजिनात गेलेली वाळूसारखी बारीक धूळ सिलिंडरच्या आतला भाग घासून टाकत असे. ओव्हरहॉलसाठी थंड आणि उंचावरची जागा हवी होती.

ती जागा बंगळूरला होती. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. भोर घाटातली रेल्वेची कामे, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, वालचंदनगर असा त्यांचा पसारा वाढत गेला होता. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये अमेरिकी विमाने जोडण्याचा कारखाना चालवत होते आणि जपानी आक्रमणामुळे त्यांना तो पुन्हा पुन्हा हलवावा लागत होता. मोटारींचा कारखाना काढण्याच्या विचाराने अमेरिकेला गेलेले वालचंद विमानांचा कारखाना काढण्याचा निश्चय घेऊन मुंबईला परतले. हिंदुस्थान सरकारने प्रथम दाद दिली नाही. अमेरिकी यंत्रसामग्री ब्रिटनलाच अपुरी पडत होती आणि वसाहतीत विमाने बांधण्याचा उद्योग उभा राहावा अशी लंडनची इच्छाही नव्हती. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि मग सरकारी भाषा बदलली.

जागेच्या निवडीत म्हैसूर संस्थानाने बाजी मारली. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी सुमारे ७०० एकर जमीन दिली आणि संस्थानाने भांडवलातही वाटा उचलला. म्हैसूरला शिवनसमुद्रमची जलविद्युत १९०२ पासून मिळत होती, भद्रावतीला लोखंडाचा कारखाना होता आणि बंगळूरमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स होती. बंगळूरची हवा थंड, उंची सुमारे ९०० मीटर आणि शत्रूच्या तळांपासूनचे अंतर भरपूर. हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड ही कंपनी २३ डिसेंबर १९४० रोजी नोंदवली गेली. तिचे अधिकृत भांडवल चार कोटी रुपयांचे होते. कामाला सुरुवात झाली ती डोमलूर रस्त्यावरच्या ‘इव्हनटाइड’ नावाच्या बंगल्यातून. तुळसीदास किलाचंद आणि धरमसी मुळराज खटाव हे वालचंदांचे साथीदार संचालक होते. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार एक तृतीयांश भागीदार झाले. सरकारने हार्लो शिकाऊ विमाने, कर्टिस हॉक लढाऊ विमाने आणि व्हल्टी बाँबर यांची मागणी नोंदवली. पहिले हार्लो विमान १९४१ च्या ऑगस्टमध्ये आणि पहिले हॉक १९४२ च्या जुलैमध्ये उडाले.

पण त्याआधीच युद्धाचे पारडे फिरले होते. १९४२ च्या पहिल्या महिन्यांत सिंगापूर आणि रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागरात जपानी आरमार उतरले. नवी विमाने अमेरिकेतून तयार होऊन येत होती. तुटलेली विमाने मात्र उभी राहत होती. सरकारने याच एप्रिलमध्ये वालचंदांचा वाटा विकत घेतला आणि म्हैसूर संस्थानाने युद्धकाळापुरता व्यवस्थापनाचा हक्क सोडला. बांधणी मागे पडून दुरुस्ती हेच मुख्य काम ठरले. लष्कराच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता. एक विमान बांधायला लागणाऱ्या श्रमांत कितीतरी विमाने पुन्हा उडवता येतात. पण आपल्या देशात विमान बांधले जावे म्हणून ज्या माणसाने पैसा, पत आणि दोन वर्षे घातली, त्याला कारखाना पुरता उभा राहण्याआधीच बाहेर पडावे लागले, हेही तितकेच खरे. वालचंदांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी ठेच होती, असे म्हणता येईल. त्यांच्या पुढाकाराने १९४१ मध्ये विशाखापट्टणमला उभा राहू लागलेला जहाजबांधणीचा कारखानाही याच युद्धाने खोळंबवला.

१९४३ च्या सप्टेंबरमध्ये कारखान्याचे व्यवस्थापन अमेरिकी हवाई दलाकडे गेले आणि त्याला ८४ वे एअर डेपो असे नाव मिळाले. ब्रिटिश सत्तेखालच्या, संस्थानी जमिनीवरच्या, हिंदी भांडवलाने सुरू झालेल्या या कारखान्याला अमेरिकी लष्कर आदेश देऊ लागले आणि हजारो कानडी, तमिळ, मराठी कामगार त्याच्या यंत्रांवर राबू लागले. आसामहून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला रसद नेणाऱ्या ‘हंप’च्या हवाई मार्गावर रोज विमाने झिजत होती, ब्रह्मदेशच्या आघाडीवर मिचेल बाँबर गोळ्या खाऊन परतत होते आणि समुद्रावर पाणबुड्यांचा शोध घेणारी कॅटलिना विमाने खाऱ्या हवेने गंजत होती. या सगळ्यांचा ओढा बंगळूरकडे होता. कॅटलिना पाण्यावर उतरणारे विमान. त्याच्यासाठी कारखान्याजवळच्या बेळ्ळंदूर तलावाचा उपयोग झाला. तिथे उतरलेली विमाने कारखान्यात दुरुस्तीला घेतली जात.

कामाचा गाभा होता इंजिन. कॅटलिना, डकोटा आणि लिबरेटर या तीन अगदी निराळ्या विमानांना प्रॅट अँड व्हिटनीचे एकाच घराण्याचे ‘ट्विन वॉस्प’ इंजिन बसवलेले असे. आगाराच्या योजनेत ही फार मोठी सोय होती. एकाच प्रकारच्या इंजिनावर हात बसला की तीन जातींची विमाने सांभाळता येत. हे इंजिन हवेने थंड होणारे, सुमारे १२०० अश्वशक्तीचे; सात-सात सिलिंडरांच्या दोन ओळी एकामागे एक. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका इंजिनाला २८. लिबरेटरला अशी चार इंजिने. ठरलेले तास भरले की इंजिन उतरवायचे, सिलिंडर एकेक करून काढायचे, प्रत्येक भाग रसायनात धुऊन काजळी काढायची आणि मोजायला घ्यायचा. पोलादी भागांतली डोळ्यांना न दिसणारी चीर शोधण्याची रीत मोठी हुशारीची होती. क्रँकशाफ्टला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाचा बारीक कीस सोडला की चीर असेल तिथे कीस रेघेसारखा जमा होई. असा भाग सरळ बाद. जोडणी झाल्यावर इंजिन चाचणीच्या चौथऱ्यावर काही तास चालवायचे, तेलाचा दाब आणि उष्णता नोंदवायची, आणि मगच पेटीत बंद करून आघाडीवर धाडायचे. मोटारी किंवा सायकली दुरुस्त करणारा कारागीर या शिस्तीत शिरला की त्याला इंचाच्या हजाराव्या भागाने विचार करावा लागे. प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक, प्रत्येक कामाला सही, प्रत्येक इंजिनाला त्याची नोंदवही. या कामगारांनी युद्धात शिकलेले सर्वांत टिकाऊ कौशल्य हेच.

रचनेची बाजू सांभाळणाऱ्यांत विष्णु माधव घाटगे हे नाव ठळक. कोल्हापूरकडचे घाटगे जर्मनीत ग्योटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून, डॉक्टरेट घेऊन आले होते आणि १९४० मध्येच कंपनीत दाखल झाले. सैनिक नेणाऱ्या एका ग्लायडरचा आराखडा त्यांनी युद्धकाळात तयार केला. डिसेंबर १९४२ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. दुरुस्तीचे आगार शेजारी असणे हा त्या विभागाचा मोठा फायदा होता. शिकलेली गोष्ट तुटलेल्या पंखावर पडताळून पाहता येई.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि कारखाना हिंदुस्थान सरकारकडे परत आला. लष्करी डकोटा विमानांची प्रवासी विमाने करणे आणि रेल्वेचे डबे बांधणे ही कामे त्याने हाती घेतली. खरी कसोटी लागली ती कानपूरच्या मैदानावर. भाडेपट्ट्याने आलेली लिबरेटर बाँबर विमाने परत नेण्यापेक्षा ती निकामी करून तिथेच सोडून दिलेली होती. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला जड बाँबर हवे होते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या कारागिरांनी कानपूरला जाऊन ही विमाने कशीबशी उडण्याजोगी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला आणली, आणि तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या वर विमाने तयार झाली. १९४८ च्या नोव्हेंबरपासून ती हवाई दलात दाखल होऊ लागली आणि १९६८ पर्यंत उडत राहिली. त्यांतले एक १९७४ मध्ये भारताने ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला भेट दिले.

घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला रचलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. वालचंदांचा मूळ हेतू इतक्या वर्षांनी, सरकारी मालकीच्या कारखान्यात, पण त्यांनीच निवडलेल्या जागेवर पुरा झाला. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये या कंपनीतून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड आकाराला आली, तेव्हा सोव्हिएत मदतीने मिग-२१ बांधण्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहत होता. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. या कारखान्याशेजारीच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. मिग-२९ आणि सुखोई-३० या रशियन विमानांचा ओव्हरहॉल तिथे भारतीय तंत्रज्ञ करतात.