फोर्कलिफ्ट ऑपरेटरच्या प्रमाणपत्राची कुळकथा

फोर्कलिफ्ट आधी आली. ती चालवणाऱ्याच्या शिक्षणाचा विचार फार मागाहून झाला. १९०६ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया रेल्वेने आल्टूना येथे सामान हलवण्यासाठी बॅटरीवर चालणारे गाडे वापरात आणले. १९१७ साली मिशिगनमधल्या क्लार्क कंपनीने स्वतःच्याच ॲक्सल कारखान्यात माल वाहण्यासाठी ‘ट्रकट्रॅक्टर’ बनवला. कारखाना पाहायला आलेल्यांनी तो मागितला, म्हणून तो बाजारात आला. १९२३ साली येल कंपनीने काटे आणि उंच चढणारा मास्ट एकाच विजेच्या गाड्यात बसवले. दुसऱ्या महायुद्धात पॅलेट आणि फोर्कलिफ्ट ही जोडी लष्करी गोदामांत रुळली आणि युद्धानंतर कारखान्याकारखान्यांत पोचली. पण हे यंत्र भिंतींच्या आत फिरत असल्यामुळे रस्त्यावरच्या वाहनपरवान्याची नजर त्याच्यावर पडली नाही. मोटार चालवता येते त्याला हेही जमेल, असे धरून चालण्यात अनेक वर्षे गेली.

ही समजूत किती घातक होती, हे यंत्राची घडणच सांगते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिची शेपूट बाहेर फेकली जाते. मागचा ॲक्सल मधोमध एका खिळीवर डोलतो. म्हणून चाके चार असली तरी तिचा तोल पुढची दोन चाके आणि ही खीळ अशा त्रिकोणावर असतो. काट्यांवरचा माल वर गेला की गुरुत्वमध्यही वर चढतो, आणि एका वेगवान वळणात तो त्रिकोणाबाहेर जाऊ शकतो. गाडी कलंडू लागली की माणूस उडी मारू पाहतो, आणि डोक्यावरचे संरक्षक छत नेमके त्याच्याच अंगावर येते. बसून चालवायच्या गाडीत अशा वेळी पट्टा लावून आतच घट्ट बसायचे आणि विरुद्ध बाजूला झुकायचे असते. मागून चढायच्या, उभ्याने चालवायच्या गाडीतून मात्र मागे पाऊल टाकून बाहेर पडायचे असते. अपघात तोच, पण एका गाडीचा धडा दुसरीवर जीव घेईल. अमेरिकेत १९८० ते १९९४ या काळात फोर्कलिफ्टच्या अपघातांत १,०२१ कामगार दगावले. त्यांतले २२ टक्के मृत्यू गाडी कलंडून झाले आणि २० टक्के मृत्यू पायी चालणाऱ्यांना धडक बसून.

कायदा मात्र सावकाश जागा झाला. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेने १९७१ साली आधीचे औद्योगिक मानक उचलून नियम केला. प्रशिक्षित आणि अधिकृत माणसानेच गाडी चालवावी, एवढे त्यात होते. काय शिकवायचे आणि ते आले की नाही हे कसे तपासायचे, याचा तपशील नव्हता. १९८८ साली हा नियम सुधारा म्हणून अर्ज केला तो गाड्या बनवणाऱ्यांच्याच संघटनेने. १९९५ मध्ये मसुदा आला आणि १ डिसेंबर १९९८ रोजी अंतिम नियम. वर्गातले शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि प्रत्यक्ष कामावर पारख अशा तीन पायऱ्या त्याने बांधून दिल्या. दर तीन वर्षांनी फेरपारख आली. अपघात झाला, थोडक्यात टळला, गाडी बदलली किंवा जागेची परिस्थिती बदलली, तर उजळणीही सक्तीची झाली. प्रमाणपत्रावर ऑपरेटरचे नाव, प्रशिक्षणाची तारीख, पारखीची तारीख आणि शिकवणाऱ्या-पारखणाऱ्याचे नाव हवे, आणि ते द्यायचे मालकाने.

या शेवटच्या तरतुदीतच प्रमाणपत्राचा खरा अर्थ आहे. ‘हा माणूस, ही गाडी, माझ्या या जागेवर सुरक्षित चालवू शकतो’ असे मालकाने लिहून दिलेले ते उत्तरदायित्व आहे. यावर आक्षेप येतो की मालकानेच आपल्या कामगाराची परीक्षा घ्यायची, तर घाईच्या दिवसांत ती नावापुरती उरेल. त्यापेक्षा सरकारमान्य परवाना बरा. आक्षेपात तथ्य आहे. जपानने १९७२ च्या औद्योगिक सुरक्षा कायद्याखाली तोच मार्ग धरला: एक टन किंवा त्याहून जास्त क्षमतेच्या गाडीसाठी नोंदणीकृत संस्थेतला अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. पण बाहेरच्या संस्थेला तुमच्या गोदामातला उतार, अरुंद गल्ली किंवा ओली फरशी ठाऊक नसते. ब्रिटनने म्हणून शिक्षणाचे तीन टप्पे मानले: मूलभूत, विशिष्ट कामाचे आणि प्रत्यक्ष जागेच्या ओळखीचे. पहिला टप्पा बाहेर उरकता येतो, तिसरा कामाच्या जागेशिवाय होत नाही. दुसरा आक्षेप अनुभवाचा: वीस वर्षे गाडी चालवणाऱ्याला काय शिकवायचे? अमेरिकी नियम त्याला येते तेच पुन्हा शिकायला लावत नाही; ते खरोखर येते का, एवढे पाहायला सांगतो. आणि हे पाहावेच लागते, कारण अनुभवाने हात सफाईदार होतो तशा चुकीच्या सवयीही पक्क्या होतात.

आपल्याकडे भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कलम १११-अ आले आणि सुरक्षेचे प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. भिवंडीच्या गोदामांत, चाकणच्या कारखान्यांत आणि उरणच्या कंटेनर यार्डांत आज फोर्कलिफ्टवाचून काम हलत नाही. तेथे बाहेरून आणलेले कार्ड फाईलला लावून जबाबदारी संपली असे मानणे, हा त्या हक्काचा अवमान आहे. मालकांनी आणि सुरक्षा अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी त्या माणसाला त्याच गाडीवर, त्याच जागेवर, भरल्या मालासह काम करताना स्वतः पाहावे. ते पाहिले नसेल, तर सही करू नये.